क्रिकेटच्या पुढच्या गेमकडून काय मागायचं?

२००६ च्या नोव्हेंबरात ‘ईए स्पोर्ट्स’चा ‘क्रिकेट ०७’ बाजारात आला आणि त्यानंतर त्या मालिकेचा पुढचा भाग आलाच नाही. त्याला आता दोन दशकं होत आली. मधल्या काळात इंग्लंड-ऑस्ट्रेलियात क्रिकेटचे गेम निघाले, मुंबईत आणि चेन्नईतही निघाले. तरी वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या तिशी ओलांडलेल्या माणसापुढे क्रिकेटच्या गेमचा विषय काढला, की तो ‘ईए’वरच येतो. पुढचा कधी येणार, हा त्याचा प्रश्न अजून जिवंत आहे. ‘जीटीए’च्या चाहत्यांनीही पाचव्या भागानंतर, म्हणजे २०१३ पासून, सहाव्याची वाट पाहिली, पण त्यांना निदान तो येणार असल्याचं कंपनीनं सांगितलं. क्रिकेटवाल्यांना असं कुणी काही सांगितलं नाही. या लांबलेल्या प्रतीक्षेनं चाहत्यांच्या मागण्यांनाच वेगळं वळण लावलं, आणि आजच्या क्रिकेट गेमची अवस्था समजून घ्यायची तर सुरुवात त्या मागण्यांपासून करावी लागते.

आमच्या वाशीम जिल्ह्यात संगणक आला तो मुख्यतः एमएस-सीआयटीच्या निमित्तानं. २००१ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला, सरकारी नोकरीच्या अर्जाला त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्या-तालुक्यात क्लास निघाले. वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला होता. सरकारी कचेऱ्या आल्या, त्यांच्या आसपास झेरॉक्सची दुकानं, टायपिंगचे वर्ग आणि सायबर कॅफे आले. भारनियमनाच्या वेळापत्रकातून उरलेल्या तासांत पोरं तिथे क्रिकेट खेळत. गेमची सीडी या हातातून त्या हातात जाई. विकत घेतलेली मूळ प्रत फार थोड्यांनी पाहिली असेल, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे. ज्या बाजारातून कंपनीच्या हिशेबात फारसा पैसा जमा होत नव्हता, त्या बाजारासाठी पुढचा भाग काढण्याची तिला घाई असण्याचं कारण नव्हतं.

‘क्रिकेट ०७’ घडला कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, ‘एचबी स्टुडिओज’मध्ये. त्यात २००६-०७ च्या अ‍ॅशेस मालिकेचा रंग होता, रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचं समालोचन होतं. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या खेळाडूंची नावं खरी होती, भारताच्या खेळाडूंची मात्र मोडतोड केलेली, कारण त्यांचे हक्क घेतलेले नव्हते. गेम हाती आला की पहिलं काम ती नावं दुरुस्त करण्याचं. पोरांनी नावं दुरुस्त केली, मग गणवेश बदलले, मग मैदानं, बॅटवरचे स्टिकर, पडद्यावरचा धावफलकसुद्धा बदलला. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि लवकरच तिचे संघही या जुन्या गेममध्ये येऊन बसले. हे सगळं जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट केलेलं काम. दरवर्षी कुणीतरी नव्या गणवेशांचा ‘पॅच’ बनवी आणि तो ‘ईए क्रिकेट २०११’, ‘२०१३’ अशा नावांनी सीडीवरून, पुढे पेन ड्राइव्हवरून गावोगाव पोचे. अनेकांना तो कंपनीचाच नवा गेम वाटे.

या हौशी कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता एक गेम इतकी वर्षं जिवंत ठेवणं ही मोठी सांस्कृतिक कामगिरी आहे, आणि तिच्यात भारतीय पोरांचा वाटा मोठा आहे. पण तिची मर्यादाही तिथेच होती. पॅच बनवणाऱ्याला गेमचा पोशाख बदलता येत होता. प्रतिस्पर्धी कसा विचार करतो आणि चेंडू जुना झाल्यावर काय करतो, ते मुळातून बदलणं अवघड होतं. कसोटीत संगणकाचा संघ वनडेच्या घाईनं खेळे आणि लवकर गुंडाळला जाई. एकदा हात बसला की फिरकीला पुढे सरसावून तोच एक फटका मारत राहिलं तरी धावा मिळत. वर्षानुवर्षं पोशाखच बदलत गेल्यामुळे ‘नवा गेम’ म्हणजे नवे गणवेश, अशी सवय जडली. आजही कुठल्याही नव्या क्रिकेट गेमची घोषणा झाली की चाहत्यांच्या यादीत वरचे मुद्दे तेच असतात: खरे चेहरे, खरी नावं, खरं स्टेडियम, खरा लोगो.

मधल्या काळात जे गेम आले त्यांच्यावर सरसकट शेरा मारता येत नाही. ‘कोडमास्टर्स’ची ब्रायन लारा मालिका २००५ आणि २००७ मध्ये चांगली चालली, फलंदाजाचा आत्मविश्वास वाढतो-घटतो ही तिची कल्पना मला आजही ‘०७’मधल्या कुठल्याही सोयीपेक्षा क्रिकेटच्या जवळची वाटते. २०१३ मध्ये मात्र ‘ट्रिकस्टार’नं बनवलेला आणि ‘५०५ गेम्स’नं बाजारात आणलेला ‘अ‍ॅशेस क्रिकेट २०१३’ इतका अर्धाकच्चा निघाला, की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला आणि लोकांना पैसे परत मिळाले. चाहते आतुर असले की त्यांच्या हाती काहीही दिलं तरी चालतं, हा समज त्या एका प्रकरणानं मोडीत निघायला हवा होता.

खरा बदल घडवला तो मेलबर्नच्या ‘बिग अँट’नं. २०१४ च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’मध्ये फलंदाजी-गोलंदाजीचं नियंत्रण नव्यानं मांडलेलं होतं. फटक्यासाठी बटण दाबण्याऐवजी कंट्रोलरच्या एका काडीनं पाय हलवायचा आणि दुसरीनं बॅट. शिवाय एकच खेळाडू घेऊन पायरीपायरीनं वर चढत जाण्याची ‘करिअर’ची वाट होती. पहिल्या काही डावांत चार-पाच धावांवर बाद व्हायचं, तरी पुन्हा मैदानात उतरावंसं वाटायचं. क्रिकेट कठीण आहे हे सांगण्याचं धैर्य या गेमनं दाखवलं. संघ आणि खेळाडू घडवून इतरांना देण्याची सोयही त्यात होती, म्हणजे पॅचवाल्यांनी बाहेर राहून जे केलं ते आता गेमच्या आत करता येऊ लागलं. पुढे ‘क्रिकेट १९’, ‘२२’, ‘२४’ आणि २०२५ मध्ये ‘क्रिकेट २६’ आले. परवाने वाढले, चेहरे खऱ्यासारखे झाले. चौदाच्या अंकात जी जिद्द होती तिच्यापुढे या नंतरच्या अंकांची झेप मला लहान वाटते.

भारतीय चाहत्याची मोठी तक्रार अजून तशीच आहे. भारताचा अधिकृत संघ या गेममध्ये नसतो. अनेक देशांत खेळाडूंच्या संघटना आहेत, त्या मिळून एक जागतिक महासंघ झाला आहे आणि त्याच्यामार्फत कितीतरी खेळाडूंचे हक्क एकत्र घेता येतात. भारतातले खेळते क्रिकेटपटू त्या महासंघात नाहीत. इथे १९८३ च्या विश्वविजेत्यांपासून आजच्या कर्णधारापर्यंत सगळ्या वाटाघाटी वेगवेगळ्या दारांत कराव्या लागतात. त्या महाग पडतात. ‘बीसीसीआय’ जगातलं सगळ्यात श्रीमंत मंडळ असताना आपल्या संघाचा एक चांगला गेम निघावा असं तिला वाटू नये, याचं मला वाईट वाटतं. पण हक्क मिळाल्यानं गेम चांगला होईल, असं मात्र मुळीच नाही.

महाराष्ट्रासाठी आजची मुख्य मालिका वेगळीच आहे: मुंबईच्या ‘नॉटिलस मोबाइल’ची ‘रिअल क्रिकेट’. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आमच्याकडच्या सायबर कॅफेंची गर्दी खिशातल्या मोबाइलमध्ये गेली. ‘रिअल क्रिकेट’चे १८, १९, २०, २२, २४ असे भाग येत गेले. २०२० मध्ये पुण्याच्या ‘जेटसिंथेसिस’नं ही कंपनी घेतली, याच ‘जेटसिंथेसिस’नं आधी २०१७ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कारकिर्दीवर ‘सचिन सागा’ काढला होता. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या ‘क्राफ्टन’नं ‘नॉटिलस’वर ताबा मिळवला. ‘क्राफ्टन’ म्हणजे ‘बीजीएमआय’वाली कंपनी, सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी जुलैत तिनं भारतासाठी वेगळा गेम आणला. शेतातल्या बांधावर बसून ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्या मानोरा-मंगरुळपीरच्या पोरांना हे नाव नवं नाही. म्हणून आता अपेक्षा चढल्या आहेत: एवढा पैसा आणि एवढं तंत्र हाताशी असलेली कंपनी क्रिकेटचं काय करते?

‘रिअल क्रिकेट’नं एक काम उत्तम केलं. स्वस्त फोनवर चालेल, अंगठ्यानं खेळता येईल आणि तरी फलंदाजी क्रिकेटसारखी दिसेल असा गेम त्यांनी घडवला. फटक्यांचा साठा प्रत्येक भागात वाढला, त्यांच्या हालचाली खऱ्या फलंदाजांवरून टिपल्या गेल्या. बॅकफूट पंच आणि कव्हर ड्राइव्ह यांतला फरक पाच इंचांच्या पडद्यावर ओळखू येणं ही छोटी गोष्ट नाही. चेन्नईच्या ‘नेक्स्टवेव्ह’ची ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ या बाबतीत तोडीस तोड आहे, पण तिचे फटके मला थोडे यांत्रिक वाटतात.

गोलंदाजीकडे वळलं की चित्र बदलतं. मोबाइलवर ती बहुतेकांना एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायची सक्ती वाटते आणि गेमही तिला तसंच वागवतो. याचं कारण अर्थकारणात आहे. फुकट मिळणारा गेम चालतो जाहिरातींवर आणि आतल्या खरेदीवर. माणसानं दिवसातून अनेकदा उघडावा, दोन-पाच षटकांत निकाल लागावा, सिक्सर बसावेत, बक्षिसाची पेटी उघडावी, अशी त्याची मांडणी होते. दोन षटकांच्या सामन्यात गोलंदाजाकडे सापळा रचायला वेळच नसतो. चाहत्यांनी ‘आणखी फटके द्या’ म्हटलं आणि कंपन्यांनी दिले. गोलंदाजाची बुद्धी द्या असं फार थोड्यांनी म्हटलं.

ही बुद्धी काय असते ते आमच्या विदर्भाच्या संघाकडे पाहून कळतं. विदर्भानं रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन मोसमांत जिंकला. शेवटच्या मोसमात डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातला हा विक्रम. त्याच्या गोलंदाजीत एकेक बळीमागे कितीतरी निर्धाव चेंडू असतात: फलंदाजाला एका जागी खिळवायचं, क्षेत्ररक्षक अर्धा हात सरकवायचा, वेग किंचित बदलायचा. आज बाजारात असलेल्या कुठल्याही गेममध्ये ही गोष्ट पुरती उतरलेली नाही. संगणकाचा फलंदाज कंटाळत नाही, त्याच्या मनात भीती साठत नाही, सहा निर्धाव षटकांनंतरही तो पहिल्या चेंडूला खेळावं तसाच खेळतो. ब्रायन लारा मालिकेतली आत्मविश्वासाची कल्पना वीस वर्षं कुणी नेटानं पुढे नेली असती, तर आज आपण कुठे असतो! नेमकं याच ठिकाणी, प्रतिस्पर्ध्याच्या मनाच्या घडणीत, या कलेची प्रगती अडली आहे, आणि त्याला लोगो किंवा परवाना लागत नाही.

दुसरी उणीव आमच्या डोळ्यांना जास्त खुपते. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीवर, कडक केलेल्या पट्टीवर टेनिस बॉलनं होणाऱ्या गावोगावच्या स्पर्धा, ग्रामपंचायतीनं ठेवलेलं बक्षीस, एका बाजूला विहीर म्हणून तिकडे मारलं की बाद असा नियम, हे क्रिकेट भारतातल्या बहुसंख्य खेळाडूंचं क्रिकेट आहे. गल्ली क्रिकेटच्या नावावर काही छोटे गेम आले, पण त्यांनी त्याला पोरखेळ समजून रंगीत कार्टून केलं. टेनिस बॉलची उसळी, पाऊस येऊन गेल्यावरची पट्टी, स्थानिक नियमांमुळे बदलणारी क्षेत्ररचना हा गंभीर रचनेचा विषय आहे. ‘बिग अँट’च्या क्लब क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियातल्या उपनगरांचा वास आहे, तसा आमच्या मातीचा वास मुंबईच्या गेमनं आणायला काय हरकत आहे?

समालोचनाचंही तेच. ‘रिअल क्रिकेट’मध्ये संजय मांजरेकरांचा आवाज आला, तो इंग्रजीत. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठी समालोचनाची एक परंपराच उभी केली होती. २०२३ च्या आयपीएलमध्ये ‘जिओसिनेमा’वर मराठी समालोचन ऐकायला मिळालं, म्हणजे बाजारालाही ते परवडतं हे दिसलं. गेममध्ये मराठी आलं तर वऱ्हाडी ढंगाचा एखादा आवाजही असावा ही माझी मागणी मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. तोवर क्रिकेटच्या नावानं येणारा बराच पैसा संघ निवडून पैज लावण्याच्या अ‍ॅपकडे वळत होता. गेम घडवणारे स्टुडिओ बाजूला पडले होते. आता ती वाट बंद झाल्यावर तो पैसा आणि ते प्रोग्रामर खऱ्या गेमकडे येतील अशी आशा करायला जागा आहे. ‘क्राफ्टन’च्या हाती गेलेल्या ‘रिअल क्रिकेट’कडे सगळ्यांचं लक्ष आहे ते त्यामुळेच.

तो पुढचा भाग आला की चाहत्यांनी पहिल्या दिवशी गणवेशांचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवण्याआधी एक परीक्षा घ्यावी. कसोटी सामना लावावा, चेंडू चाळीस षटकं जुना होऊ द्यावा, डावखुऱ्या फिरकीपटूला एका टोकाकडून सलग दहा षटकं द्यावीत आणि फलंदाजी संगणकाकडे ठेवावी. त्या दहा षटकांत संगणकाचा फलंदाज एकदा तरी अस्वस्थ होऊन चुकीचा फटका खेळला, तर ती आवृत्ती विकत घ्यावी, आणि पूर्ण किंमत देऊन घ्यावी.