विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी

सिडकोत राहणारी माझी भाची अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. इंग्रजीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकातला एक धडा कळत नाही म्हणून ती माझ्याकडे आली. धड्याचे नाव ‘द ॲडव्हेंचर’. दोन परिच्छेद वाचले आणि मला हसू आले. ती जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ होती, कापून आखूड केलेली. ‘‘मामा, ही मराठीतली आहे?’’ तिने विचारले. तिच्या आजोबांच्या कपाटात नारळीकरांची पुस्तके आहेत. तिला मात्र ते एनसीईआरटीमार्फत, इंग्रजीतून आणि खाली स्वाध्याय लावून भेटले.

गोष्ट थोडक्यात अशी. पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या दुसऱ्याच इतिहासातल्या मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून शिल्लक आहे. धडा समजावून झाल्यावर भाची म्हणाली, ‘‘पण मग त्या जगातले गंगाधरपंत तेवढे दोन दिवस कुठे होते?’’ धड्याखालच्या स्वाध्यायापेक्षा मला हा प्रश्न मोलाचा वाटला. विज्ञानकथा वाचणाऱ्याचा तो खरा प्रश्न आहे.

मराठी विज्ञानकथेने असे प्रश्न मुलांना किती वेळा पडू दिले? या बाबतीत माझी जुनी तक्रार आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नावाची आद्याक्षरे उलटी केली की लेखक सापडतो: ज. वि. ना. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित मंगलाताईंच्या हातचे होते. हा किस्सा सगळे आवडीने सांगतात. स्पर्धा विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेची होती, याचा विचार मात्र फारसे कोणी करत नाही. तेव्हापासून आपल्याकडे विज्ञानकथेकडे साखरेत घोळलेल्या औषधासारखे पाहिले गेले. गोळी पोटात गेली म्हणजे झाले, चव विचारायची नाही. परिणामी कित्येक कथांत एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला त्या दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोन पाने समजावत बसतो.

खुद्द ‘पानिपत’मध्येही शेवटी राजेंद्र देशपांडे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजवाद घेऊन बसतातच. त्यांच्यावाचून कथेला विज्ञानकथा म्हणता आले नसते, हे मान्य. पण लक्षात राहते ते गंगाधरपंतांच्या खिशात उरलेले बखरीचे फाटके पान. नारळीकरांचे मोठेपण त्या पानात आहे, सिद्धान्तात नाही. 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, 20 मे 2025 रोजी ते गेले. तेव्हाच्या श्रद्धांजल्यांत ‘विज्ञान सोपे करून सांगणारे’ हे शब्द पुन्हापुन्हा वाचले आणि चुटपुट लागली. कथाकार म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचे राहूनच गेले.

भा. रा. भागवतांचे तसे नव्हते. ज्यूल व्हर्न मराठीत आणताना त्यांना मुलांना काही शिकवायचे नव्हते, चंद्रावर न्यायचे होते. म्हणून त्यांची भाषा धावते.

अद्भुतकथेचे दुखणे वेगळे आहे. आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. शालिवाहनाने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकले ते इथे. सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचून, राजाने ती नाकारल्यावर पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान अग्नीत टाकणारा गुणाढ्यही दंतकथेनुसार इथल्याच दरबारातला. एवढे भांडवल असताना मातीच्या सैन्यावरची एक चांगली किशोर-कादंबरी मला अजून भेटलेली नाही. आपण अद्भुत ते सगळे पाडव्याच्या माहितीत नाहीतर चमत्कारात जमा करून टाकतो. मुले मग हॉगवर्ट्सला जातात. त्यांचे काय चुकले?

पडद्यावर महेश कोठारेंनी मुलांना ‘धडाकेबाज’ (1990) मधला बाटलीतला गंगाराम आणि ‘झपाटलेला’ (1993) मधला तात्या विंचू दिला. तात्या विंचूची मूळ कल्पना अमेरिकन बाहुल्याची, हे खरे. तरी आमच्या पिढीनंतरची पोरे पलंगाखाली बघून झोपत, ती रामदास पाध्यांच्या बाहुल्यामुळे. ‘तुंबाड’ (2018) त्याच्या कितीतरी पुढे गेला. हस्तरला सोने मिळेल, अन्न मिळणार नाही. त्याच्यासमोर कणकेची बाहुली टाकायची आणि रिंगणाबाहेर पाऊल ठेवायचे नाही. नियम पाळणारे अद्भुत कसे असते, हे इतक्या चोखपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट नारायण धारपांच्या कथेच्या ओढीतून निघालेला, माणसे आणि पाऊस कोकणातला, पण भाषा हिंदी आणि प्रमाणपत्र ‘ए’. म्हणजे ज्या वयात हस्तर मनात कायमचा राहायला येतो, नेमक्या त्या वयाला चित्रपटगृहाचे दार बंद.

भाचीला मी मूळ मराठी कथा दिली. आठवड्याने पुस्तक परत आले. राजेंद्रचे स्पष्टीकरण तिने सरळ गाळले होते आणि खिशातून बखरीचे पान निघते ती जागा दोनदा वाचली होती. त्या दुसऱ्या गंगाधरपंतांचा पत्ता मात्र तिला मराठीतही लागला नाही.