जेद्दातली खुर्ची कुणाची?

मंडळी, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं होतं, "ओआयसीचा सरचिटणीस म्हणजे सगळ्या मुस्लीम देशांचा म्होरक्याच ना?" तेव्हा वेळ संपली होती. आज तिथूनच सुरुवात करतो.

ऑर्गनायझेशन ऑफ इस्लामिक कोऑपरेशन. आज 57 सदस्य देश. 21 ऑगस्ट 1969 रोजी जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत एका ऑस्ट्रेलियन ख्रिश्चनानं आग लावली. शहर इस्रायलच्या ताब्यात, त्यामुळे संताप इस्रायलवर. महिन्याभरात मोरोक्कोत, रबातला, परिषद भरली. भारतालाही बोलावणं होतं. फखरुद्दीन अली अहमद पोहोचेपर्यंत आपले राजदूत गुरबचन सिंग बैठकीत बसले. इस्लामी परिषदेत एक शीख, बरं का! मग पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले: भारत असेल तर मी येणार नाही. भारत बाहेर. एकाचा हट्ट सगळ्यांनी दिलेल्या निमंत्रणाला भारी पडतो, हे पहिल्याच परिषदेत दिसलं.

पहिले सरचिटणीस मलेशियाचे तुंकू अब्दुल रहमान. देशाला स्वातंत्र्य मिळवून दिलेला नेता, पण इथे हाती काय? सचिवालय सौदीतल्या जेद्दाला. तेही जेरुसलेम मुक्त होईपर्यंत, तात्पुरतं! या 'तात्पुरत्या'ला पन्नासवर वर्षं झाली. 1980 मध्ये इराक-इराण भिडले. दोघंही सदस्य. संघटनेनं समिती नेमली, शिष्टाई केली. युद्ध आठ वर्षं चाललं आणि थांबलं ते युनोच्या ठरावावर. माझ्या मते संघटनेची खरी परीक्षा हीच होती, आणि ती त्यात नापास झाली.

2005 मध्ये तुर्कस्तानचे एकमेलेद्दीन इहसानोग्लू आले. मतदानानं निवडून आलेले पहिले सरचिटणीस. पेशानं विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या काळात नवी सनद आली, 2011 मध्ये नावातलं 'कॉन्फरन्स' जाऊन 'कोऑपरेशन' आलं, मानवी हक्क आयोग नेमला गेला. काम केलं माणसानं, हे मान्यच करायला हवं. पण नंतरचे इयाद मदनी बघा. 2016 मध्ये भर सभेत इजिप्तच्या अध्यक्षांच्या फ्रिजवरून विनोद केला, इजिप्त भडकलं, आणि थोड्याच दिवसांत यांचा राजीनामा. कारण दिलं प्रकृतीचं. फ्रिजच्या विनोदावर जाते, एवढीच त्या खुर्चीची ताकद.

आता 2019, अबू धाबी. रबातनंतर पन्नास वर्षांनी सुषमा स्वराज खास पाहुण्या. या वेळीही पाकिस्ताननं हट्ट धरला, पण यजमान अमिरातीनं निमंत्रण मागे घेतलं नाही, म्हणून पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्रीच आले नाहीत. मुख्य जाहीरनाम्यात काश्मीरचा उल्लेख नाही. वेगळ्या ठरावात मात्र भारतावर कडक टीका. दोघांच्याही हातात एकेक कागद!

त्या वेळी सरचिटणीस कोण होते, सांगेल कुणी? ... बघा, कुणालाच आठवत नाही. युसूफ अल-ओथैमीन. तेही सौदीचेच.