सुधारलेली मंडळी

आम्ही पडलो बी. कॉम.; शब्दाचासुद्धा जमाखर्च बघतो. जुन्या मराठी वर्तमानपत्रांतले ‘सुधारलेले’ हे विशेषण घ्या. राष्ट्राला लागले की रक्कम जमा! ‘सुधारलेली राष्ट्रे’ म्हणजे इंग्लंड, फ्रान्स वगैरे थोर मंडळी. तेच बाईला लागले की लगेच नावे! १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. असल्या शाळेत शिकणारी पोर ‘सुधारलेली’, म्हणजे हाताबाहेर गेलेली. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, तरी शब्दातला टोमणा काही जाईना. देश जरूर सुधारावा, पण आमच्या उंबऱ्याबाहेर! आज वेतनश्रेणी ‘सुधारित’ होते, पेशंट सुधारतो. आणि सून? ती ‘फॉरवर्ड’ असते. शब्द बदलला, खाते मात्र तेच.