पर्यावरणाच्या पुस्तकातला ‘मानव’ कोणता?

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी तांडेच्या तांडे लोटतात. याच परिसरातल्या तांड्यांवरची मुले माझ्या वर्गात बसतात. मीही त्यांच्यातलाच, घरातला पहिला पदवीधर.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा होत गेला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी ५० तासिकांचा, आठ घटकांचा आराखडा दिला. तोच मी विद्यार्थी म्हणून पाठ केला. परिसंस्था, अन्नसाखळी, धारणक्षमता या त्यातल्या संकल्पना मला मोलाच्या वाटतात. सारे जीवन परस्परावलंबी आहे, हा विचार म्हणजे शिवाशिवीला शास्त्राने दिलेले उत्तरच होय.

परंतु पुस्तक सांगते, ‘मानवाने जंगले तोडली, मानवाने पाणी नासवले.’ कोणत्या मानवाने? बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून लदेणी करणाऱ्या लमाणाने? त्याचा व्यापार रेल्वेने बुडवला. १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तर १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातली चराई सरकारच्या मर्जीवर गेली. हा इतिहास ‘जंगल’ या धड्यात का नाही?

‘पाणीटंचाई’चेही तसेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तळ्यात पाणी होते. टंचाई निसर्गाने नव्हे, जातीने निर्माण केली होती. प्रदूषणाच्या धड्यात सांडपाण्याची प्रक्रिया येते; गटारात उतरणारा माणूस येत नाही. त्याला उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आणली, तरी तो मरतोच आहे. लोकसंख्येच्या धड्यात डोकी मोजली जातात. कोणाच्या वाट्याला किती पाणी, किती वीज, हे मोजले जात नाही. मग धारणक्षमतेचा सारा दोष गरिबाच्या लेकरांवर येतो.

‘शास्त्रात जात कशाला आणता?’ असे सहकारी विचारतात. जात मी आणलेली नाही. ती पाणवठ्यावर आधीपासूनच उभी आहे. परिसंस्थेतला एक घटक गाळून काढलेला निष्कर्ष शास्त्रीय कसा?

त्या आराखड्यात क्षेत्रभेटीला पाच तासिका आहेत. यंदा मी मुलांना अभयारण्यात नेणार नाही, तांड्याच्या विहिरीवर नेणार आहे. पाणी किती खोल गेले, ते कोण भरते, त्यासाठी कोण किती चालते, याची नोंद मुलेच करतील. पर्यावरणशास्त्राचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा.