गडचिंचले : गुन्हा कोणाचा, बातमी कोणाची?

गुन्ह्याची बातमी ही गुन्ह्याइतकीच समाजव्यवस्थेची निर्मिती असते. कोणाचा खून बातमी होतो, कोणाचा चार ओळींत संपतो, कोणत्या आरोपीला 'संशयित' म्हणायचे आणि कोणाला पहिल्याच दिवशी 'नराधम' ठरवायचे, हे बातमीदाराच्या लेखणीपेक्षा त्या लेखणीमागे उभ्या असलेल्या वर्ग-वर्णाच्या हितसंबंधांनी ठरते. डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री जे घडले आणि त्यानंतर देशभरच्या पडद्यांवर जे दाखवले गेले, त्या दोहोंमधले अंतर तपासले म्हणजे हे विधान आपोआप सिद्ध होते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या रात्री तीन माणसे जिवे मारली गेली. पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारली गेली. त्या कृत्याचे समर्थन करता येत नाही, आणि मारणारे आदिवासी होते म्हणून ते सौम्यही होत नाही. गरिबांच्या हातून झालेला खून हा खूनच असतो. आपल्या चळवळीला माणूस हे मूल्य मान्य आहे, आणि ते मूल्य सोयीप्रमाणे गुंडाळून ठेवता येणार नाही. परंतु याच मूल्याच्या आधारे आपल्याला पुढचा प्रश्नही विचारावा लागतो : बातमीने तरी त्या तिघांना माणूस मानले काय?

'साधूंचे हत्याकांड' हे नाव या घटनेला मिळाले आणि तेच रूढ झाले. मेलेले तिघे होते. दोन साधू आणि त्यांची गाडी चालवणारा तरुण ड्रायव्हर. मुंबईच्या कांदिवलीहून सुरतकडे अंत्यविधीला निघालेल्या माणसांना तो पोटासाठी घेऊन चालला होता. त्याच्याही डोक्यात काठ्या-दगड बसले, त्याचाही जीव तसाच गेला. पण त्याच्या अंगावर भगवे वस्त्र नव्हते. म्हणून मथळ्यात तो मावला नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या मजुराचे मरण कोणत्याही धर्माच्या कामाचे नसते. या एका वगळण्यातच सबंध प्रसारमाध्यमांची नीती उघडी पडते.

घटनेची पार्श्वभूमी काय होती? टाळेबंदीचे दिवस होते. चोर, मुले पळवणारे, मूत्रपिंड काढून नेणारे लोक रात्री फिरताहेत अशी हूल मोबाइलवरून पाड्यापाड्यांत पसरली होती. गावोगाव लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन पहारा देत होते. १४ एप्रिलला, ऐन बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, कासा पोलीस ठाण्याच्याच हद्दीत सारणी परिसरात मदतकार्य करून परतणाऱ्या डॉक्टरांवर आणि त्यांना सोडवायला आलेल्या पोलिसांवर जमावाने हल्ला केला होता. म्हणजे इशारा दोन दिवस आधी मिळालेला होता. पुढे दोनच रात्रींनी दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत, वनखात्याच्या चौकीजवळ ही गाडी अडवली गेली.

आता खरा प्रश्न पोलीस यंत्रणेला विचारायचा होता. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांसंबंधी सविस्तर आदेश दिले होते. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमावा, अफवा पसरणारी ठिकाणे हेरावीत, गस्त वाढवावी, अफवा खोडून काढावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पालघर जिल्ह्यात या आदेशांचे काय झाले? १४ तारखेच्या हल्ल्यानंतर वारली बोलीत कोणी पाड्यांवर जाऊन समजूत घातली काय? एवढ्या दुर्गम मुलखात कासा ठाण्याकडे माणसे किती, गाड्या किती? हे प्रश्न नीरस आहेत. त्यांना वाद्यसंगीत लावता येत नाही. म्हणून ते रात्री नऊच्या बातम्यांत आले नाहीत. काही पोलीस निलंबित झाले, पुढे तिघांना बडतर्फ केले गेले, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. कनिष्ठांचे बळी दिले की यंत्रणेचा दोष फिटतो, हा आपल्याकडचा जुना विधी आहे आणि वृत्तपत्रे या विधीचे पौरोहित्य इमानेइतबारे करतात.

त्याऐवजी पडद्यावर काय आले? हल्ल्याच्या चित्रफितीतला गोंगाट कान लावून ऐकला गेला आणि त्यात 'शोएब' हे नाव ऐकू आल्याचा गवगवा झाला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर सांगावे लागले की तो शब्द 'ओये बस' असा आहे. थांबा म्हणणाऱ्याचा आवाज मारेकऱ्याचे नाव म्हणून ऐकला गेला! कान जे ऐकतो ते पूर्वग्रहाने आधीच ठरवून ठेवलेले असते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? मुसलमान सापडला नाही तेव्हा मिशनरी आले, मिशनरी पुरेना तेव्हा लाल बावटा आणि कष्टकरी संघटना आली. वारली माणूस स्वतःच्या भीतीने, स्वतःच्या अज्ञानाने, स्वतःच्या क्रोधाने काही करू शकतो, हे या मंडळींना मान्यच नाही. त्याच्या गुन्ह्याचे कर्तेपणसुद्धा त्याला द्यायला ते तयार नाहीत.

आणि या खोट्याला उत्तर म्हणून सरकारने काय केले? २२ एप्रिलला अटक केलेल्या १०१ जणांच्या नावांची यादी जाहीर केली. यात एकही मुसलमान नाही, हे दाखवण्यासाठी. पुरोगाम्यांनी त्या यादीचे स्वागत केले. जातीय विद्वेष रोखण्याचा हेतू चांगला होता हे खरे. पण थोडे थांबून विचार करा. कोणत्याही न्यायालयाने दोषी न ठरवलेल्या १०१ आदिवासींची नावे एका दिवसात देशभर उधळली गेली. त्यांच्या बायकामुलांचे काय होईल, सुटून आलेल्याला कामावर कोण ठेवील, हा प्रश्न डाव्या-उजव्या कोणाच्याच मनात आला नाही. एका समाजाचे निर्दोषत्व सिद्ध करायला दुसऱ्या समाजाची अब्रू चलन म्हणून वापरली गेली. ज्याची अब्रू मुळात धरलेलीच नाही, त्याचीच अशी खर्चता येते.

याच प्रकरणावरील कार्यक्रमाबद्दल रिपब्लिक वाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. २४ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून संरक्षण दिले. ३० जूनला मुंबई उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसल्याचे नमूद करून त्यांच्यावरील कारवाई स्थगित केली. नागरिकाला संरक्षण मिळाले, ते त्याला मिळायलाच हवे. पण गडचिंचलेच्या आरोपींपैकी ८९ जणांना ठाण्याच्या न्यायालयातून जामीन मिळाला तो जानेवारी २०२१ मध्ये. घटनेला तोवर नऊ महिने उलटले होते. बोलणाऱ्याला दिवसांत आणि ज्याच्याविषयी बोलले गेले त्याला महिन्यांत, असा हा न्यायाचा पंचांग आहे. त्या जामिनाची बातमी किती जणांनी वाचली?

आता राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका. तेथेही मुले पळवणारी टोळी असल्याची मोबाइलवरची अफवा, तेथेही आदिवासी गाव, तेथेही जमाव. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. तेही नाथपंथी, डवरी गोसावी. गोसावीपण त्यांच्या नावातच होते. पण ते भटक्या जमातीचे होते. त्यांच्यासाठी कोणा वाहिनीने रात्रीमागून रात्री राष्ट्राला जाब विचारला नाही. भगव्याचाही एक वर्ण असतो. खैरलांजीचेही तेच. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पण मोठ्या वृत्तपत्रांना जाग यायला भीमसैनिकांना रस्त्यावर उतरावे लागले. तोवर अनैतिक संबंधांची कुजबुज छापून झाली होती.

या मुलखाला अफवेचा आणि गोळीचा अनुभव नवा नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी हूल उठवून वारल्यांना जमवायचे आणि ते दंगा करायला जमलेत अशी वर्दी पोलिसांना द्यायची, हा जमीनदारांचा डाव होता असे त्या लढ्याचा इतिहास सांगतो. त्या वेळी अफवा जमीनदार पेरत होता. आज ती कोण पेरतो हे शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

वारल्यांविषयी सहानुभूती असणाऱ्यांनी तरी त्याला बोलू दिले काय? गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ने वारली माणूस मराठी वाचकाला दाखवला, हे तिचे ऋण. पण सांगणाऱ्या त्या होत्या. १९८० च्या 'आक्रोश' चित्रपटात तेंडुलकरांचा लहान्या भिकू हा आदिवासी आरोपी आपल्या वकिलासमोरही तोंड उघडत नाही. पांढरपेशा प्रेक्षकाला ते मौन फार भिडले. परंतु मौन ही आदिवासीची प्रकृती नव्हे. ती त्याच्यावर लादलेली अवस्था आहे. गडचिंचलेत तर कॅमेरे गावात पोचले, गाव जंगलात पळालेले होते, आणि निवेदक रिकाम्या घरांसमोर उभे राहून त्या घरांविषयी बोलत राहिले.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता. त्याला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी गडचिंचले घडले. शंभर वर्षांत वृत्तपत्रांचे यंत्र बदलले, मालक बदलले, पण मुका कोण आणि नायक कोण ही विभागणी बदललेली नाही. तेव्हा प्रस्थापित वाहिन्यांनी सुधारावे अशा विनवण्या करीत बसण्यात अर्थ नाही. डहाणू-तलासरीच्या शिकलेल्या वारली, कोकणा, धोडी, दुबळा मुलामुलींनी ही घटना स्वतः लिहिली पाहिजे. मेलेल्या तिघांविषयी लिहिले पाहिजे, त्यातल्या ड्रायव्हरविषयी लिहिले पाहिजे, मारणाऱ्या आपल्या माणसांविषयी न लाजता, न लपवता लिहिले पाहिजे, आणि काही न करता यादीत गेले असतील त्यांच्याविषयीही. आरोपीच्या पिंजऱ्यातून उच्चारलेले सत्य कडू असेल. पण ते त्याचे स्वतःचे असेल.