कळांचा फोन आणि मराठी लिहिणारी बोटे

‘काचेवर बोट चुकतं, कळांचा मोबाईलच बरा होता,’ ही तक्रार आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही ऐकू येते. जुन्याची हौस म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यात विज्ञान आहे, पण अर्धेच.

तालुक्याच्या गावी टंकलेखनाचा वर्ग केलेल्यांना हे चटकन पटेल. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो (ही परीक्षा आता संगणकावर होते). डोळ्यांनी अक्षर हुडकत हा वेग गाठणे कठीणच. बोटे ठरलेल्या जागी टेकलेली असतात. तिथून ती किती सरकली हे स्नायू आणि सांधे मेंदूला कळवत राहतात. संगणकाच्या कळफलकावर इंग्रजी ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बारीक उंचवटा असतो, तो मूळ जागा न पाहता सापडावी म्हणून.

टचस्क्रीनचे काम निराळे. काचेखाली पारदर्शक वाहकांची जाळी असते. बोट टेकले की त्या जागेची विद्युत-धारिता बदलते, आणि बदल कुठे झाला त्यावरून अक्षर ठरते. दाबाची गरज नाही. म्हणूनच बोट नुसते विसावले तरी अक्षर उमटते! फोन थरथरून पोच देतो, पण ती अक्षर उमटल्यावर. बोट योग्य कळेवर आहे का, हे आधी सांगणारे तिथे काही नाही. ते काम डोळ्यांच्या माथी येते.

मग कळांचा स्मार्टफोन मराठीला सोयीचा होता का? इथे मात्र त्याचे गुणगान मला पटत नाही. ब्लॅकबेरी घ्या (तिच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली), किंवा २०१८ साली आलेला जिओफोन २ घ्या. दोन्हींवर इंग्रजीची २६ अक्षरे, इंग्रजी क्रमाने. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या प्रमाणकातला इनस्क्रिप्ट कळफलक यापेक्षा मोठा आहे. त्याची मांडणी वर्णमालेला धरून आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या, क आणि ख एकाच कळेवर, त आणि थ एकाच. पण च, ट, ड, य ही अक्षरे इंग्रजीत विरामचिन्हे व कंस असलेल्या कळांवर येतात. २६ कळांत ती मावत नाहीत. म्हणजे ‘चिखली’तला च नाही, ‘बुलडाणा’तला ड नाही! वेगळी कळ दाबून ती काढता येतीलही, पण मग बोटांच्या सवयीचा फायदा तो काय राहिला?

टचस्क्रीनवरच्या कळा म्हणजे नुसते चित्र असल्याने तिथे अख्खी देवनागरी मांडता येते. तरीही पुष्कळ मुले रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि देवनागरी रूप यंत्राकडून करवून घेतात. जोडाक्षर कसे घडते हे त्यात हाताखालून जातच नाही. मला ही हानी चुकलेल्या बोटापेक्षा मोठी वाटते.

शाळेतल्या संगणकावर विंडोज असो वा लिनक्स, मराठी इनस्क्रिप्ट निवडता येते. आठवडाभर सरावानंतर नववीच्या मुलांकडून डोळे मिटून ‘बुलडाणा’ लिहून घ्या, मग तेच फोनच्या काचेवर. दोन्हीकडच्या चुका फळ्यावर मांडा. कोणती बोटे किती सरकली, हे मुलांनाच शोधू द्या.