व्हिडिओ-बफरच्या इंटरफेसमधील उक्त, अनुक्त आणि दुरुक्त

पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके रचली. वार्तिकाचे लक्षण सांगताना परंपरेने त्याची तीन कार्ये मानली आहेत : सूत्रात जे सांगितले आहे त्याची चिकित्सा करणे, जे सांगावयाचे राहून गेले आहे ते दाखविणे आणि जे सदोष रीतीने सांगितले गेले आहे ते उघड करणे. उक्त, अनुक्त आणि दुरुक्त या त्रयीमागील मर्म असे की, एकदा प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथाची वाढ ग्रंथ जसाच्या तसा ठेवूनच साधावयाची असते. शेकडो अभ्यासकांनी जे सूत्र मुखोद्गत केले आहे, त्यात आता एखादी मात्राही सुखासुखी हलविता येत नाही.

नेमकी हीच अडचण आपल्या काळात एका अगदी निराळ्या क्षेत्रात उभी राहिली आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजेच कर्नल, आणि त्याच्याकडून सेवा घेणारे प्रोग्रॅम यांच्यामधील ठरीव संकेतव्यवस्था होय. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलमधील 'व्हिडिओ फॉर लिनक्स २' या इंटरफेसचे परीक्षण योजिले असून, त्यातील बफरविषयक भाग विस्तारक्षमतेच्या कसोटीवर कितपत उतरतो एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्रथम विषयाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. कॅमेऱ्याकडून येणारे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, मेमरीच्या ज्या तुकड्यात साठविले जाते त्यास बफर म्हणतात. १९२० बाय १०८० बिंदूंची एक फ्रेम 'एनव्ही१२' या प्रचलित स्वरूपात ३१,१०,४०० बाइट व्यापते. सेकंदाला अशा ३० फ्रेम आल्या तर नऊ कोटींहून अधिक बाइटांची उलाढाल होते. एवढा ऐवज पुनःपुन्हा नकलून घेणे परवडणारे नसल्यामुळे कर्नल आणि प्रोग्रॅम एकाच मेमरीचा आळीपाळीने वापर करतात. प्रोग्रॅम रिकामा बफर रांगेत लावतो, ड्रायव्हर तो भरतो, प्रोग्रॅम भरलेला बफर काढून घेतो आणि काम संपताच पुन्हा रांगेत लावतो. बफर या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, त्यात किती मजकूर आहे, तो केव्हा टिपला गेला, ही सर्व माहिती ठराविक रकाने असलेल्या एका तक्त्यातून दिली-घेतली जाते.

हा तक्ता ज्या विनंतीबरोबर पाठविला जातो तिला 'आयओसीटीएल' म्हणतात. प्रत्येक विनंतीस एक क्रमांक असून त्या क्रमांकातच माहितीची दिशा, विनंतीचा गट, गटातील अनुक्रम आणि तक्त्याचा बाइटांतील आकार अशा चार गोष्टी गोवलेल्या असतात. यास्तव तक्त्यात एक रकाना वाढविला तरी त्याचा आकार बदलतो, आकार बदलला की क्रमांक बदलतो, आणि जुन्या क्रमांकाने मागणी करणारा प्रोग्रॅम कर्नलला अनोळखी ठरतो. उलटपक्षी, पूर्वी चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर बंद पडता कामा नये, हा लिनक्सचा कटाक्षाने पाळला जाणारा दंडक आहे. अर्थात या तक्त्यांना सूत्रपाठाची अचलता लाभली आहे.

आता उक्ताचा विचार करू. हा इंटरफेस २००२ साली कर्नलमध्ये समाविष्ट झाला. रांगेत लावणे, काढून घेणे, प्रवाह सुरू करणे व थांबविणे हे त्यातील मूलभूत व्यापार तेव्हापासून आजतागायत टिकून आहेत, हे त्याच्या रचनाकारांचे मोठेच यश मानले पाहिजे. बफरची मेमरी कोठून येते हे सांगण्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र रकाना ठेवला. प्रारंभी कर्नलने दिलेली मेमरी आणि प्रोग्रॅमने दिलेली मेमरी हे त्याचे प्रमुख पर्याय होते. पुढे निरनिराळ्या उपकरणांमध्ये एकच बफर वाटून घेण्याची 'डीएमए-बफ' ही व्यवस्था २०१२ साली कर्नलमध्ये आली, आणि २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीत ती या इंटरफेसलाही उपलब्ध झाली. त्यासाठी मूळ तक्ता मोडावा लागला नाही. त्या रकान्याच्या संभाव्य मूल्यांत एकाची भर पडली, एवढेच. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे नवा शब्द आला, परंतु वाक्यरचना बदलली नाही. जेथे बदल संभवतो तेथे मुक्त वर्ग आणि जेथे स्थैर्य हवे तेथे बद्ध वर्ग, अशी वाटणी या ठिकाणी अचूक साधली आहे.

अनुक्ताची कथा मात्र इतकी सरळ नाही. पुढे काय सांगावे लागेल हे आज ठाऊक नसते; म्हणून तक्त्यांत 'राखीव' रकाने सोडण्याची प्रथा पडली. फ्रेममधील एकेका स्तराचे वर्णन करणाऱ्या तक्त्यात असे ३२ बिटांचे ११ रकाने आहेत. चित्रस्वरूपाच्या तक्त्यात निरनिराळ्या वर्णनांसाठी मिळून २०० बाइटांची सामाईक जागा राखलेली आहे. जागा पुरेशी आहे, तेव्हा विस्ताराची चिंता नाही, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. अनुभवाने ती अपुरी ठरविली.

याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे चित्रस्वरूपातील 'प्रिव्ह' हा रकाना होय. ड्रायव्हरच्या खाजगी उपयोगासाठी तो ठेवला होता आणि उपयोग नसेल तेव्हा त्यात शून्य लिहावे असा नियम होता. त्याच्या पुढची जागा नव्या माहितीसाठी वापरण्याची वेळ आली, तेव्हा असे आढळले की जुने प्रोग्रॅम तेथे शून्य लिहितीलच असा भरवसा धरता येत नाही. मेमरीत पूर्वी जे काही पडलेले असेल तेच तेथून कर्नलपर्यंत पोहोचणार. अशा निरर्थक अंकांना रंगविषयक माहिती समजून वाचले तर त्याचे फळ डोळ्यांना दिसते : १६ ते २३५ या मर्यादेतील प्रकाशमूल्ये ० ते २५५ या मर्यादेतील मानली गेल्यास काळा रंग राखाडी भासू लागतो. अखेर २०१४ साली ३.१७ या आवृत्तीत तोडगा निघाला. 'प्रिव्ह'मध्ये एक विशिष्ट संख्या असेल तरच पुढील रकाने अर्थपूर्ण मानावेत, असे ठरले. षोडशमान पद्धतीत लिहिली असता ही संख्या 'फीडकॅफे' अशी वाचता येते. जो रकाना खाजगी मजकुरासाठी होता, तो आता पुढील मजकूर खरा असल्याची साक्ष देण्यासाठी राबू लागला.

२०१८ साली बफरच्या मुख्य तक्त्यातील एक राखीव रकाना 'रिक्वेस्ट' या नव्या सोयीसाठी वापरला गेला, तेव्हाही रकान्याबरोबर एक वेगळी खूण उभारावी लागली. ती खूण असेल तरच रकाना वाचावयाचा. यातून निष्पन्न होते ते असे की, विस्तारक्षमता जागेवर अवलंबून नसून रिकामेपणाच्या अर्थावर अवलंबून असते. व्याकरणात शून्य प्रत्ययाला अर्थ असतो. कारण इतर प्रत्ययांच्या अभावाने तो नियमपूर्वक सिद्ध होतो. जेथे कोणताही ध्वनी चालून जातो, तेथे शून्य प्रत्यय संभवतच नाही. या इंटरफेसच्या सामाईक भागाने अनेक ठिकाणी राखीव रकान्यांतील कचरा निमूटपणे पुसून शून्य केले आणि विनंती मान्य केली. ही उदारता त्या दिवसापुरती सोयीची होती. परंतु चूक करणाऱ्यास चूक कळली नाही, आणि नियम कागदावर राहिला.

याच्या विरुद्ध टोकाची शिस्त कर्नलमध्येच अन्यत्र पाहावयास मिळते. ग्राफिक्स विभागातील डॅनियल व्हेटर यांनी २०१३ साली आयओसीटीएलच्या रचनेतील प्रमादांविषयी जे टिपण लिहिले, त्यात न वापरलेले सर्व रकाने शून्य आहेत की नाहीत हे तपासावे आणि नसल्यास विनंती नाकारावी, असा आग्रह धरला आहे. २०१९ साली आलेल्या 'क्लोन३' या आवाहनात तक्त्याचा आकार स्वतंत्रपणे सांगण्याची पद्धत आहे. तक्ता कर्नलच्या अपेक्षेहून लहान असेल तर उरलेला भाग शून्य मानला जातो; मोठा असेल आणि जादा भागात शून्याखेरीज काही असेल तर विनंती परत फिरविली जाते. जे समजत नाही ते समजल्याचा आव न आणणे, हे येथील तत्त्व आहे.

दुरुक्ताचा दोष याहून खोल आहे. काही यंत्रांत, विशेषतः सॅमसंगच्या चिपांमधील व्हिडिओ-संकेतक विभागात, चित्राचा प्रकाशस्तर आणि रंगस्तर मेमरीच्या वेगवेगळ्या भागांत असावे लागत. मूळ तक्ता 'एक फ्रेम, एक मेमरी' हे गृहीत धरून रचलेला होता. म्हणून २०११ साली २.६.३९ या आवृत्तीत 'बहुस्तरीय' पर्याय जोडण्यात आला. तो जोडताना 'लेंग्थ' या रकान्याला दोन अर्थ प्राप्त झाले : एकस्तरीय बफरात त्याचा अर्थ बाइटांतील आकार, बहुस्तरीय बफरात स्तरांची संख्या. श्लेष काव्यात शोभतो. तक्त्यात तो वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी संदर्भ तपासावयास लावतो.

याहून गंभीर गोष्ट नामकरणाची आहे. दोन्ही स्तर सलग मेमरीत असतील तर स्वरूपाचे नाव 'एनव्ही१२', आणि वेगळ्या मेमरीत असू शकत असतील तर 'एनव्ही१२एम'. चित्रबिंदूंचा अर्थ दोन्हींत तोच आहे. फरक आहे तो केवळ साठवणीचा. एखाद्या भाषेत 'घरातील पाणी' आणि 'विहिरीतील पाणी' यांसाठी परस्परांशी असंबद्ध धातू योजावे, तसा हा प्रकार झाला. जी विभक्तीने सांगावयाची गोष्ट ती कोशात ढकलली गेली. आणि साठवणीच्या प्रत्येक नव्या तऱ्हेगणिक कोश फुगू लागला. बिंदूंची मांडणी चौकटींच्या तुकड्यांत करणाऱ्या यंत्रांसाठीही अशीच स्वतंत्र नावे घालावी लागली.

पडद्यावर चित्र दाखविण्याची जबाबदारी असलेल्या 'डीआरएम' या भगिनी-विभागात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला आहे. तेथे बिंदूंचे स्वरूप एका चार अक्षरी संकेताने सांगतात. प्रत्येक स्तराची मेमरी चार खुणांच्या मालिकेत देतात, आणि त्या खुणा एकाच मेमरीच्या असल्या तरी चालते. मांडणीची तऱ्हा ६४ बिटांच्या 'मॉडिफायर'ने दर्शवितात. त्यातील ८ बिट उत्पादकासाठी आणि ५६ बिट त्याच्या मांडणीसाठी असतात. हा मॉडिफायर २०१५ साली तक्त्याच्या शेवटी जोडला गेला आणि तो विचारात घ्यावा की नाही हे सांगणारी खूणही सोबत आली. प्रकृती, विभक्ती आणि विशेषण यांची येथे फारकत झालेली दिसते.

रचनाकारांच्या बाजूने असे म्हणता येईल की, २००२ साली भविष्यातील चिपा कोणासही दिसणे शक्य नव्हते. हे म्हणणे यथार्थ आहे, आणि म्हणूनच भाकिताचा दोष त्यांना देणे अन्याय्य होईल. दोष द्यावयाचा तो दोन भिन्न गोष्टी एका नावात बांधण्याला आणि अपवाद निमूटपणे गिळण्याला. कारण हे दोन्ही टाळण्यासाठी भविष्यज्ञान लागत नाही. शिवाय कर्नलच्या आतील व्यवहाराशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. ड्रायव्हरांसाठी असलेली 'व्हिडिओबफ' ही आतील चौकट सदोष ठरल्यावर 'व्हिडिओबफ२' ही नवी चौकट २०११ साली आली. तिने मेमरी मिळविण्याचे काम आणि रांगेचे काम वेगळे केले, आणि ड्रायव्हर एकेक करून तिच्यावर आणता आले. घरातील बोली घरच्यांच्या संमतीने बदलते. सरहद्दीवरील तक्ता मात्र अशा असंख्य प्रोग्रॅमांनी वापरलेला असतो की ज्यांचे कर्ते आज गाठणेही शक्य नाही. आतील चुकीची किंमत श्रमांत मोजता येते. सरहद्दीवरील चूक कायमची वहावी लागते.

एवढ्या विवेचनावरून अशा इंटरफेसच्या परीक्षणासाठी तीन प्रश्न निश्चित करता येतील. नवे मूल्य जुन्या वाक्यरचनेत बसते काय? रिकामा रकाना खरोखर रिकामा असल्याची खातरजमा पहिल्या दिवसापासून केली जाते काय? एका नावाने एकच गोष्ट सांगितली जाते काय? 'व्हिडिओ फॉर लिनक्स २' पहिल्या प्रश्नाला बव्हंशी उतरतो, दुसऱ्याला उशिरा उतरला आणि तिसऱ्याला आजही पुरता उतरत नाही. तरीही वीस वर्षांहून अधिक काळ जुन्या प्रोग्रॅमांना त्याने सांभाळून घेतले आहे, ही गोष्ट त्याच्या दोषांइतकीच अभ्यसनीय आहे. कारण 'फीडकॅफे'सारखे वार्तिक त्या सांभाळण्याच्या जबाबदारीतूनच जन्माला आले.